सारवल्यासारखी भिंत

नवरात्र आटोपले आणि पावसाने पाठ फिरविली, की निपाणी, चिकोडी, बेळगाव या भागांतील घराघरांतून सामान बाहेर निघू लागते. सोप्यातील बाके परड्यात जातात, फडताळे रिकामी होतात, कोळिष्टके उतरतात आणि चार महिन्यांच्या पावसात भिंतींनी जे जे सोसले ते उघडे पडते. मग घरातील मंडळी एकत्र बसून एक प्रश्न सोडवू पाहतात : यंदा भिंतींना रंग कोणता द्यावयाचा? प्रश्न साधा दिसतो. दुकानात रंगांची पुस्तिका असते, तीत शेकडो तुकडे छापलेले असतात, त्यांतील एकावर बोट ठेवले की काम झाले, असे पुष्कळांस वाटते. आम्हांसही तसेच वाटे.

आमच्या निपाणीच्या घराचे माजघर लांबट आहे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर हातभर रुंदीची मातीची भिंत आणि तीवर चुन्याचा गिलावा, अशी त्याची जुनी बांधणी. या माजघरातील लांब भिंतीला मंद हिरवा रंग असावा, अशी आमच्या आजीची इच्छा होती. ती पुरी व्हावयास सव्वीस वर्षे लागली. एवढा काळ लागण्याचे कारण पैशाची अडचण नव्हे. आमचे अज्ञान हेच त्याचे कारण होय. त्या अज्ञानाची किंमत एकदा फार मोठी पडावयाची, ती थोडक्यात चुकली. म्हणून हा सारा वृत्तान्त आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांस सांगण्याचे योजिले आहे.

आजीला हवा असलेला हिरवा कोणता, हे प्रथम सांगितले पाहिजे. पोपटाचा हिरवा नव्हे, की केळीच्या कोवळ्या पानाचाही नव्हे. ती म्हणे, "भिंत सारवल्यागत दिसली पायजे." तिच्या माहेरी खेड्यात भिंती शेणामातीने सारवीत. श्रावण-भाद्रपदात गुरे ओले गवत खातात, त्या दिवसांतील शेणाचे सारवण हिरवट उठते. सकाळी हात फिरवलेला असला आणि दुपारी भिंत अर्धवट सुकली, की तिच्यावर जो धुरकट, किंचित पिवळसर हिरवा दिसतो, तो तिच्या मनातील रंग. पुढे दोन-चार दिवसांत सारवण वाळून गव्हाच्या काडासारखे होते व ती छटा जाते. निपाणीकरांना आणखी एक खूण सांगता येईल. तंबाखूचे पान तोडल्यावर वाळता वाळता हिरवे राहत नाही आणि अद्याप पुरते पिवळेही झालेले नसते. त्या मधल्या अवस्थेतील पान डोळ्यांपुढे आणावे. आपल्या भाषेत शेवाळी, पिस्ता, मेंदी असे शब्द आहेत. पण या छटेला नेमका शब्द नाही, आणि शब्द नसल्यामुळेच आमचा घोटाळा झाला असावा.

सन १९८४च्या दिवाळीपूर्वी काका बाजारातून हिरवी पूड घेऊन आले. आजीच्या वाक्यातील 'सारवल्यागत' हा भाग त्यांनी सोडून दिला होता आणि 'हिरवा' एवढाच शब्द ध्यानात ठेवला होता. चुना पिंपात विरवलेला होता, तीत पूड ढवळली आणि कुंचल्याने भिंतीला दोन हात दिले. पहिल्या दिवशी भिंत अशी काही उठली, की शेजारच्या आळीतील मंडळी पाहावयास आली. आठ-दहा दिवसांत मात्र तिच्यावर डाग दिसू लागले. कोठे मळकट पिवळा, कोठे तांबूस. जणू भिंतीला गंज चढत होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाहुण्यांना त्या भिंतीकडे पाठ करून बसवावे लागले. आमच्या काकूंनी दोष रंगाऱ्याला दिला, रंगाऱ्याने चुन्याला दिला. चुना बिचारा काय बोलणार?

खरे कारण पुढे आम्हांस रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी उलगडून सांगितले. बाजारात हिरवा म्हणून मिळणाऱ्या कित्येक जुन्या पुडी मुळात एकजिनसी हिरव्या नसत. प्रशियन निळा आणि शिशापासून केलेला क्रोम पिवळा, अशा दोन पुडी एकत्र करून तो हिरवा साधलेला असे. कागदावर किंवा तेलात तो छान राहतो. परंतु चुना हा तीव्र अल्कली पदार्थ आहे. अल्कलीत प्रशियन निळ्याचे विघटन होते व मागे लोखंडाचा तपकिरी गंज राहतो. क्रोम पिवळाही चुन्याच्या संगतीत नारिंगीकडे झुकतो. निळा गेला, पिवळा नारिंगी झाला, मग हिरवा उरणार कोठून? म्हणजे भिंतीला गंज चढतो आहे असे जे आम्हांस वाटले होते, ते अक्षरशः खरे होते.

येथे एक सोपी परीक्षा सांगून ठेवतो. चुन्यात कोणताही रंग घालावयाचा असेल, तर आधी वाटीभर दाट चुन्यात चिमूटभर पूड कालवून ती वाटी झाकून आठवडाभर ठेवावी. रंग जसाच्या तसा राहिला तर ती पूड भिंतीला चालेल. फिका पडला वा फिरला, तर नुकसान वाटीभर चुन्याचे झाले एवढेच. मात्र वाटीतील चुना हाताने ढवळू नये, आणि लहान मुलांच्या हाती तर तो कदापि देऊ नये. चुन्याचा शिंतोडा डोळ्यांत गेला तर डोळा जाण्याचे भय असते.

आता कोणी विचारील, की मुळात हिरव्याचाच आग्रह कशासाठी? भिंत पांढरी ठेवली तर काय बिघडले? काही बिघडले नाही. पांढऱ्या चुन्याची भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही अधिक परत फेकते. फिकट हिरवी निम्म्याच्या आसपास. ज्या खोलीला एकच झरोका आहे, तिथे पांढऱ्याला तोड नाही. परंतु ज्याचे डोळे थकलेले आहेत, त्याला पांढऱ्यावरून परतणारा झोत सहन होत नाही. आजीच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर तर तिला दुपारी सोप्यात बसवत नसे, आणि रात्री नळीचा दिवा लावला की ती पदर कपाळावर ओढून घेई.

भर उजेडात मनुष्याच्या डोळ्याला सर्वांत सहज दिसतो तो पिवळसर हिरवा. प्रकाशलहरींच्या मापात बोलावयाचे तर सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या आसपास डोळा सर्वाधिक संवेदनशील असतो. तो उजेड थोडा असला तरी भागते. या रंगाचा उपयोग करून घेण्याची एक प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेतील आहे. त्या काळी शस्त्रक्रियेची दालने स्वच्छतेच्या कल्पनेने पांढरीशुभ्र ठेवीत. सॅन फ्रान्सिस्को येथील डॉक्टर हॅरी शर्मन यांना असे आढळले, की रक्ताच्या तांबड्यावर दृष्टी खिळवून काम करणाऱ्या शल्यवैद्याने मान वर केली, की पांढऱ्या भिंतीने त्याचे डोळे दिपतात आणि पुन्हा जखमेकडे पाहताना त्याला बारकावे दिसत नाहीत. १९१४च्या सुमारास त्यांनी आपले शस्त्रक्रियेचे दालन पालकाच्या पानासारख्या हिरव्या रंगाने रंगविले. आज इस्पितळात डॉक्टरांच्या अंगावर जे हिरवे झगे दिसतात, त्यांच्यामागेही हाच विचार आहे. याचा पडताळा घरी घेता येतो. तांबड्या कागदाचा रुपयाएवढा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून अर्धा मिनिट त्याकडे टक लावून पाहावे आणि तुकडा पटकन काढून घ्यावा. त्या जागी निळसर हिरवा ठिपका तरंगताना दिसेल. तांबड्याने डोळ्याचा एक भाग थकतो, त्याच्या विरुद्धचा रंग डोळा आपल्या आपण पुढे करतो.

मात्र एवढ्यावरून हिरवा म्हटला की तो डोळ्यांना थंड, असे समजू नये. गडद झळझळीत हिरवा चारही भिंतींना दिला तर तो लाल रंगाइतकाच त्रासदायक होतो. कारण भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात. या भिंतीवरून निघालेला हिरवा उजेड त्या भिंतीवर पडून अधिक हिरवा होऊन परत येतो. म्हणून पुस्तिकेतील दोन बोटांचा तुकडा जेवढा सौम्य दिसतो, तेवढी खोली कधीच सौम्य दिसत नाही. जो तुकडा हातात धरल्यावर 'हा काय मळका रंग!' असे वाटते, तोच बहुधा भिंतीवर योग्य ठरतो. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत.

हिरव्या भिंतीचा इतिहासही सरळ नाही. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शीले याने १७७५ साली तांबे व सोमल यांपासून एक तेजस्वी हिरवा रंग तयार केला. १८१४पासून त्याच जातीचा आणखी झगझगीत रंग बाजारात आला. युरोपातील श्रीमंतांच्या घरी भिंतीला चिकटविण्याचे कागद, पडदे, कृत्रिम फुले, मुलांची खेळणी, सारे या हिरव्याने रंगू लागले. सोमल म्हणजे साक्षात विष. कागदावरून ती धूळ झडे आणि श्वासावाटे पोटात जाई. ओलसर भिंतीवर बुरशी धरली की तीतून लसणासारख्या वासाचा विषारी वायू निघतो, असे बार्तोलोमेओ गोझिओ या इटालियन वैद्याने १८९०नंतरच्या दशकात दाखवून दिले. आज हे रंग घरात कोणी वापरीत नाही. शिशाचे मात्र तसे नाही. भारतात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि पुढील वर्षीच्या नोव्हेंबरपासून अमलात आला. याचा अर्थ असा, की त्यापूर्वीचा तेलरंग ज्या दारा-खिडक्यांवर वा भिंतींवर आहे, तो कोरडा खरवडू नये. पाणी मारून, ओल्या फडक्याने पुसत काढावा आणि त्या वेळी लहान मुलांना घरातच ठेवू नये. दिवाळीच्या सुटीत हौसेने हातात पॉलिशपेपर घेणाऱ्या मुलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

असो. आमच्या भिंतीकडे वळू. १९८४ची फजिती झाल्यावर कितीतरी वर्षे तिला पांढरा चुनाच मिळाला. सन २००९मध्ये, म्हणजे आजीची पंच्याऐंशी उलटल्यावर, आम्ही भावंडांनी ठरविले की आता तिची इच्छा पुरी करावयाची. दुकानातून पिस्ता रंगाचा चकचकीत तेलरंग आणला. पुसता येतो, डाग पडत नाहीत, पाच वर्षे पाहावे लागत नाही, असे त्याचे गुण आम्हांस सांगण्यात आले आणि ते खोटे नव्हते. मे महिन्यात काम झाले. आजी काही बोलली नाही. फक्त दिवा लावल्यावर त्याचे प्रतिबिंब भिंतीत दिसू लागले, तेव्हा ती खाट फिरवून बसली.

जूनच्या अखेरीस भिंतीला घाम फुटू लागला. जुलैत तेलरंगाखाली फुगे आले, लिंबाएवढे, मग नारळाएवढे. फुगा फोडला की आतून पाणी ओघळे. जमिनीलगत पांढरा लोणा फुलला. आम्ही फुगे खरवडून वर पुन्हा रंगाचा हात दिला. म्हणजे चूक पुसण्याऐवजी ती दुप्पट केली. श्रावणातल्या एका पहाटे माजघरात मोठा आवाज झाला. दार उघडून पाहिले तो पाटाएवढा गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट सुटून आजीच्या खाटेवर, नेमका उशीवर पडला होता. आजी त्या वेळी तांब्याभर पाणी घेण्यासाठी उठून स्वयंपाकघरात गेली होती. ती परत येऊन दारात उभी राहिली, उशीकडे पाहिले आणि म्हणाली, "भिंतीचा जीव कोंडला असंल." त्या वेळी आम्हांस हे बोलणे म्हातारपणाचे वाटले. वास्तविक झाले होते ते नेमके तसेच.

मातीच्या भिंतीला जमिनीतून ओल चढते. दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी ती सूक्ष्म छिद्रांतून वर सरकते. चिऱ्याच्या, कच्च्या विटांच्या वा काळ्या दगडाच्या मातीत रचलेल्या भिंतीलाही हे चुकत नाही. जुन्या भिंतीखाली ओल अडविणारा थर नसतो. तिचा सारा भरवसा एवढाच, की चढलेली ओल उन्हाने, वाऱ्याने बाहेर उडून जाईल. सारवण, पांढरी माती, चुना, हे तिन्ही थर सच्छिद्र असल्याने वाफेला वाट देतात. तेलरंग म्हणजे मेणकापडाचा अंगरखा. बाहेरचे पाणी तो आत येऊ देत नाही, हे खरे. पण आतलेही बाहेर जाऊ देत नाही. ओल आतच साठते, तिच्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या पाठीशी स्फटिकरूप होऊन फुगतात आणि गिलावा भिंतीपासून ढकलून देतात. आमच्या भागात अशी जुनी घरे अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या मालकांना एवढेच विनवितो, की आषाढात भिंतीला फुगे दिसले तर वर रंग चढवू नये आणि त्या भिंतीशी कोणाची खाट ठेवू नये.

दुसऱ्या वर्षी, २०१०च्या उन्हाळ्यात, आम्ही तेलरंग पूर्ण उतरवून भिंत दोन महिने उघडी वाळू दिली. गिलावा नव्याने चुन्याचा केला. या कामासाठी गोकाकच्या बाजूचे एक वृद्ध गवंडी मिळाले. ते कानडी बोलत, आम्ही मराठी. तरी काम अडले नाही. त्यांचे 'सुण्ण' आणि आमचा 'चुना' हे दोन्ही शब्द संस्कृतातील 'चूर्ण' या एकाच शब्दापासून आलेले आहेत, हे त्या वेळी त्यांना वा आम्हांस ठाऊक नव्हते. आजीने त्यांना आपली इच्छा सांगितली. ते हसले आणि म्हणाले, की हिरवी पूड आणूच नका; पिवडी आणा आणि कपड्यांना घालावयाची नीळ आणा.

पिवडी ही पिवळी माती, तिचा रंग लोखंडाच्या क्षारांचा. नीळ म्हणजे पुडीची नीळ, जिला युरोपात 'अल्ट्रामरिन' म्हणतात. ही दोन्ही द्रव्ये चुन्यात टिकतात. (हल्ली बाटलीतून मिळणारी पातळ नीळ निराळी, ती या कामी निरुपयोगी.) आणि गंमत अशी, की या दोहोंपासून झळझळीत हिरवा करावयाचे मनात आणले तरी तो होत नाही. पिवडीत मातकटपणा असतो, निळीत किंचित जांभळी झाक असते. जांभळ्यात तांबडे आले, आणि तांबडे हे हिरव्याचा तोरा उतरविते. म्हणून मिश्रण आपोआप शांत, धुरकट हिरवे होते. दुकानातून हिरवा आणून त्याला मवाळ करीत बसण्यापेक्षा हे किती सोपे! घरी ग्रीन ऑक्साइडची पूड असेल आणि ती वाटीच्या परीक्षेला उतरली, तर तीही चालते. मात्र तीत चिमूट चिमूट काव घालून तिचा भडकपणा मारावा लागतो.

आमच्या भिंतीला लागलेले प्रमाण सांगतो. दहा किलो चुन्यास सुमारे अर्धा किलो पिवडी आणि पिवडीच्या चौथ्या हिश्श्याइतकी नीळ. एकंदर रंग चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक होऊ देऊ नये, नाहीतर चुना त्याला धरून ठेवीत नाही व भिंत हाताला लागते. कळीचा चुना पाण्यात विरविताना मिश्रण उकळते, तेव्हा दूर उभे राहावे. विरलेला चुना चार-सहा दिवस पाण्याखाली मुरू द्यावा, जाड कापडातून गाळावा, ताकाइतका पातळ करावा. पुडी आधी निराळ्या पाण्यात कालवून मग त्यात सोडाव्या. थोडा डिंक शिजवून घालावा. भिंत पाणी शिंपडून ओलसर करावी आणि पातळ तीन हात द्यावे. दर दोन हातांत एक दिवस जाऊ द्यावा. एक दाट हात देऊन काम उरकण्याचा मोह होतो. तसे केले की पोपडे सुटतात. ओला रंग पुष्कळ गडद दिसतो आणि वाळल्यावर निम्म्याने उतरतो. त्यामुळे पिंपातील रंगावरून निर्णय न करता भिंतीच्या कोपऱ्यात हातभर जागा रंगवून दुसऱ्या दिवशी पाहावी. आमच्या गवंड्यांनी चार कोपरे रंगविले, तेव्हा कोठे आजीने मान हलविली.

चुन्याचा हात भिंतीला कसा धरतो, हे आमच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत पाहावयास मिळते. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते, कारण श्वासातील कार्बन डायऑक्साइडने कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. भिंतीवर हेच घडते, फक्त सावकाश. हवेतील तोच वायू शोषून विरलेला चुना पुन्हा चुनखडी होतो व रंगाचे कण त्या दगडी जाळ्यात अडकून बसतात. शिवाय अल्कलीमुळे ताज्या चुन्यावर बुरशीला थारा मिळत नाही. बेळगाव-खानापूरकडच्या पावसात हा गुण लहान नव्हे.

मातीचा हिरवा भिंतीवर किती काळ टिकतो, याची साक्ष पाहावयाची असेल तर अजिंठ्यास जावे. तेथील लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून पुढे खोदली गेली आणि तेथील चित्रांतील हिरवा हा मातीपासून, एका हिरव्या खनिजापासून, केलेला आहे. काळ्या दगडावर माती, शेण, भुसा, तंतू यांचा गिलावा, वर पांढरा पातळ थर आणि त्यावर रंग, अशी तेथील पद्धत. म्हणजे आजीच्या माहेरची भिंतच ती, जरा अधिक तालेवार. तेथील निळा मात्र दुरून, अफगाणिस्तानातील लाजवर्दाच्या खाणींतून आलेला मानतात. तोच निळा रंग कृत्रिम रीतीने करण्याची युक्ती फ्रान्समध्ये १८२८च्या सुमारास साधली आणि राजांच्या चित्रांतील रंग धोब्याच्या टोपलीत येऊन पडला. अजिंठ्याच्या जातीचे हिरवे खनिज आपल्याही पायाखाली आहे. निपाणीचा काळा दगड हा दख्खनच्या लाव्हाचाच. त्याच्या फोडलेल्या तुकड्यांत वाटाण्याएवढी पोकळ छिद्रे असतात. त्यांच्या आतील बाजूस क्वचित निळसर हिरवा पातळ थर आढळतो. सहलीला जाल तेव्हा खडीच्या ढिगापाशी थोडे थांबून पाहा.

रंग ठरविताना खोलीचे तोंड कोणत्या दिशेस आहे, हेही पाहावे लागते. येथे इंग्रजी पुस्तके दिशाभूल करतात. त्यांत असे लिहिलेले असते, की उत्तरेकडील खोलीत ऊन कधीच येत नाही, म्हणून तिथे हिरवा थंड व उदास वाटेल. ते विलायतेस ठीक. निपाणी सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, बेळगाव किंचित त्याखाली. मेच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि त्या दिवसापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत भर दुपारी तो आपल्या उत्तरेस असतो. म्हणजे आपल्या उत्तरेकडील खिडकीला मे महिन्यात चांगले ऊन मिळते. नंतर ढग येतात ती गोष्ट वेगळी. दक्षिणेकडील खिडकीतून हिवाळ्यात ऊन आत खोल येते, तेव्हा तिथली हिरवी भिंत पिवळसर, उबदार दिसते. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाते; तिथे रंगाची चर्चा मागाहून, आधी पागोळ्यांची सोय करावी. रात्रीच्या दिव्यांचेही तसेच. पिवळ्या दिव्याखाली हा रंग तूप-हिरवा होतो, पांढऱ्या निळसर दिव्याखाली राखेसारखा. जो दिवा रोज लावावयाचा, त्याच्याखाली तो कोपरा पाहून घ्यावा.

छत पांढरे ठेवावे, म्हणजे गेलेला उजेड थोडा भरून निघतो. खोली अंधारी असेल तर हिरवा कमरेपर्यंतच आणि वर पांढरा, अशी आपल्या जुन्या शाळांतून असे तशी मांडणीही शोभते. आरसा मात्र हिरव्या भिंतीसमोर टांगू नये. भिंतीवरून येणाऱ्या उजेडाने निरोगी मनुष्याचा चेहराही आजाऱ्यासारखा दिसतो आणि घरात उगाच चौकशा सुरू होतात. तांब्या-पितळेची भांडी, सागवानी दार, लाल कोबा, हे सारे हिरव्याजवळ अधिक खुलते. शेजारी ठेवलेले विरोधी रंग एकमेकांस उठाव देतात, हे शेव्ररल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. आमच्या आजीने ते पितळी घंगाळ भिंतीपाशी ठेवून मांडले.

ज्यांची घरे नव्या सिमेंटची आहेत, त्यांना आमच्यासारखा खटाटोप करण्याचे कारण नाही. पाण्यात कालवावयाचा, चकाकी नसलेला साधा रंग त्यांनी निवडावा. पुस्तिकेत हिरव्याकडे न पाहता करड्या रंगांच्या पानावर पाहावे, हवा असलेला हिरवा बहुधा तेथेच लपलेला असतो. नवा गिलावा निदान महिनाभर वाळल्याखेरीज घाई करू नये.

आमची भिंत वैशाखात पुरी झाली. तिसरा हात वाळल्यावर आजीला खाटेवरून उठवून भिंतीपाशी नेले. तिने तळहात टेकवून तो बराच वेळ तसाच ठेवला. मग हात नाकाशी नेऊन हुंगला आणि विचारले, "शेण कुणाच्या गोठ्यातनं आणलंसा?" आम्ही चुन्याची, पिवडीची, निळीची सारी हकीकत सांगितली. तिला ती पटली असे दिसले नाही. त्या पावसाळ्यात भिंतीवर ओलीचा काळसर पट्टा वीतभर चढला आणि आश्विनात आपोआप उतरून गेला. एकही फुगा आला नाही. आजी पुन्हा त्याच भिंतीला पाठ लावून बसू लागली. चुन्याची भिंत थोडी हाताला लागतेच. संध्याकाळी ती उठे तेव्हा तिच्या लुगड्याच्या पाठीवर फिकट हिरवी भुकटी असे आणि आमची धाकटी बहीण ती झटकीत असे.